मोरेश्वर, तुझं पाचवं सेशन

मोरेश्वर, काल दुपारी मी आपलं मशीन बंद केलं. माझ्याच हाताने केलं. बाकीच्यांच्या लेखी एक जुना कॉम्प्युटर बंद झाला आणि टेम्पोत चढला, विषय संपला. तुझं पाचवं सेशन त्यात चालू होतं आणि त्यात तुझ्या बाबांच्या समुद्रातल्या खुणा होत्या, हे मला माहीत होतं. त्या आता कुठेच नाहीत. हे तुला सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला आधी बरंच काही कबूल करावं लागेल.

आज तुझं बारावं. सकाळी आवरून निघाले, आपल्या इकडच्या माहीमहून पालघर, पालघरहून बोईसर. तुझ्या मुरब्याची एसटी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. मी चढले नाही. तुझ्या माणसांच्या पंगतीत बसून जेवायचं आणि एक गोष्ट पोटात ठेवायची, हे मला जमणार नव्हतं. सांगायची म्हटली तर तोंड उघडत नव्हतं. कारण नसताना हे तोंड किती चालतं ते तुला माहीत आहे. तशीच घरी आले आणि तेव्हापासून हे लिहीत बसले आहे.

तू कंपनीत आलास तेव्हा आपला कॉम्प्युटर विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. एक युनिक्सचं मशीन आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं. एक माझ्यापुढे, एक आपल्या विभागातल्या दिनेशपुढे, एक स्टोअरमध्ये, एक लॅबमध्ये. तुझ्यापुढे काहीच नव्हतं. जे रिकामं असेल तिथे तू बसायचास. मी विभागाची प्रमुख, म्हणजे मशीनच्या रूट पासवर्डची आणि पंख्याच्या बटणाची मालकीण. पहिल्याच दिवशी मी तुझ्या डब्यावरून टोमणा मारला, की खोलीला खिडकी नाही, जरा विचार करून डबा आणत जा. तू झाकण काढून डबा माझ्यापुढे सरकवलास.

"आधी खावा ताई, मंग बोला."

खाल्लं. मग काही बोलले नाही. वाडीतली माणसं आम्ही, सुका बोंबील आमच्या घरीही होतोच; पण तसा नाही होत, हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्या तोंडून टोमणे लवकर निघतात आणि कौतुक निघेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असतो. तुझ्या बाबतीत तर तो फारच लांब गेला.

स्टोअरची केबल आठवते? गटाराच्या कडेने नेलेली, उंदरांनी जागोजाग कुरतडलेली. आकाशात ढग आले की लाइन जायची आणि लाइन गेली की टर्मिनलवर चालू असलेलं सगळं काम मरायचं. एकदा माझी तीन तासांची नोंद अशी गेली आणि मी स्टोअरमध्ये सगळ्यांदेखत रडले. चार दिवसांनी मुंबईच्या कुणा मित्राकडून फ्लॉप्या घेऊन आलास. दोन दिवस तो प्रोग्राम आपल्या मशीनवर बसवत होतास आणि दर तासाला तोंडातल्या तोंडात शिव्या देत होतास. तिसऱ्या दिवशी मला बोलावलंस. माझा स्टॉकचा अहवाल अर्धा चाललेला होता. माझ्या डोळ्यांदेखत तू मागे हात घालून टर्मिनलची केबल उपटलीस.

मी किंचाळले. लॅबमधून लोक धावत आले, कुणाला शॉक लागला म्हणून. तू शांतपणे मला दिनेशच्या टर्मिनलपाशी नेलंस, लॉगिन केलंस, स्क्रीन, डॅश, आर असं टाइप केलंस. आणि माझा अहवाल तिथे होता. अर्धा नाही, मध्यंतरी बराच पुढे गेलेला. कर्सर शांतपणे लुकलुकत होता.

"हे कसं काय?"

"आमी डोल लावतो ना खुंटाला, तसं. जालं बांधायचं आनि घरी यायचं. आपन घरी जेवतो, झोपतो, जालं पान्यात काम करतं. पानी फिरलं का जायचं नि उचलायचं. आपन तिथं उभं रायलंच पायजे असं थोडंच हाय?"

इतक्या सोप्या शब्दांत मला कॉम्प्युटरमधलं काही कुणी सांगितलं नव्हतं. काम चालू ठेवायचं आणि टर्मिनल सोडून द्यायचं. कंट्रोल-ए, मग डी. पडदा कोरा होतो, काम आत चालू राहतं. दुसऱ्या कुठल्याही टर्मिनलवर जाऊन ते पुन्हा समोर आणायचं. एका माणसाची पाच-पाच कामं, पाच सेशनं, एकाच वेळी. ज्याच्यापुढे स्वतःचं टर्मिनल नव्हतं त्याने हे शोधून काढावं, यात नवल नव्हतं खरं तर.

तू त्या सेशनांना नावंही दिलीस. स्टोअरचा अहवाल म्हणजे बोंबील, कारण तो रोजचा. लॅबचा प्रोग्राम मांदेली, कारण त्यात बारीकसारीक काटे फार. मग सुरमई, मग शिंगाडा. यादी मागितली की नावांची ओळ यायची आणि प्रत्येकापुढे 'डिटॅच्ड', म्हणजे सोडून ठेवलेलं, असं. मी म्हणायचे, "हा कॉम्प्युटर आहे की मुरब्याचा बाजार?" तू म्हणायचास, "बाजारात असता तर मेलेलं असतं ताई. हे जितं हाय." पाचव्याचं नाव होतं घोळ. त्यात काय आहे ते तू सांगत नव्हतास, आणि मला ते खुपायचं.

आता ती दुपार. तू कॅन्टीनमध्ये चहा आणायला गेला होतास. मशीन हळू चालत होतं, म्हणून कोण काय चालवतंय ते मी बघत होते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला घोळमध्ये काय आहे ते बघायचं होतं. माझ्याकडे रूट होतं. रूट म्हणजे मशीनमधल्या प्रत्येक खोलीची किल्ली. तुझ्या नावाने आत शिरायला मला तुझा पासवर्डही लागत नव्हता. शिरले आणि उघडलं.

मला वाटलं होतं प्रेमपत्र असेल, नाहीतर दुसरीकडच्या नोकरीचा अर्ज. निघाली ओळींमागून ओळी, सगळ्या तुमच्या घरच्या बोलीत. मला काही कळेना आणि कळेना म्हणून हसू आलं. दिनेश शेजारी होता, स्टोअरचे दोघं चलन घ्यायला आलेले. मी मोठ्याने वाचलं, तुझा हेल काढून: "आशेरीचा कडा तारापूरच्या धुराड्याच्या डाव्या अंगाला लागला, आनि देवलाचा कलस दोन माडांच्या मधी आला, का नांगर टाकायचा. खाली खडक. घोल." सगळे हसले. दिनेश मात्र हसला नाही. तो गप्प झाला, आणि मला कळलंच नाही की कोळ्याच्या पोराने अशा वेळी गप्प होणं म्हणजे काय. तोही खाडीपलीकडच्या गावचा, त्याच्याही घरी बोट.

तू दारात उभा होतास. दोन हातांत चार ग्लास. ते टेबलावर ठेवलेस, एकही थेंब न सांडता.

"ताई, हे आमच्या घरात सुनेलाबी सांगत नाय."

एवढंच म्हणालास. मी अजूनही हसण्याच्या भरात होते. म्हटलं, अरे, मग कॉम्प्युटरला कशाला सांगितलंस?

संध्याकाळी सगळे गेल्यावर तू मला समजावून सांगितलंस, आणि माझ्यावर तू जे उपकार केलेस त्यांतला हा मोठा. रागावून निघून जाता आलं असतं. तू खुर्ची ओढून बसलास. समुद्राच्या तळाशी खडक कुठे आहे हे वरून दिसत नाही, ते किनाऱ्यावरच्या दोन-दोन वस्तू एका रेषेत आणून ओळखायचं. डोंगराचा कडा आणि धुराडं, कळस आणि माड. अशा खुणा तुझ्या आजोबांनी शोधल्या, त्यांनी थोरल्या मुलाला दिल्या, म्हणजे तुझ्या बाबांना. बाबांनी थोरला म्हणून तुला. घरात सांगायच्या नाहीत, बोटीवर सांगायच्या, डोंगर डोळ्यांसमोर असताना. कागदावर लिहायच्या नाहीत, कारण कागद दुसऱ्याच्या हाती जातो. पण तू शिकलास आणि नोकरीला लागलास, बोटीवर कधीतरीच जायचास. तुला त्या पाठ राहीनात. दोन वर्षं रविवारी रविवारी बाबांबरोबर जाऊन तू एकेक खूण डोक्यात घालून आणत होतास आणि सोमवारी घोळमध्ये टाइप करत होतास. कागद नाही, छापणं नाही. डिस्कवर ठेवायची ती फाइलसुद्धा तुझ्याच एका प्रोग्रामने पिंजून, वाचता येणार नाही अशी. सरळ अक्षरांत ती फक्त त्या चालू सेशनमध्ये होती.

"बाबांना सांगितलं, कागद नाय, काच हाय," तू म्हणालास. "आनि धाकल्या नरेशला मी सोता बोटीवर नेऊन सांगीन. आता बोट तोच चालवनार."

मी वाद घातला. आता लाज वाटते, पण घातला. म्हटलं, ज्ञान असं कोंडून ठेवू नये, सगळ्यांना मिळालं पाहिजे. माझं शिक्षण असं नको तिथे फुरफुरतं.

"तुमच्या वाडीतल्या पानवेलीला पानी कधी द्यायचं ते मी चोरलं, तरी वेल तुमच्या वाडीतच रायली ना ताई? खडकाला कुंपन नाय."

मी विषय बदलला. "बरं बाबा, चुकलं" असं काहीतरी म्हणाले असेन, पण ते तोंडदेखलं होतं, आणि तुला ते कळलं. वाद तिथेच राहिला. पुढे कधीतरी नीट माफी मागू असं मी ठरवलं होतं. तू रोज समोर असायचास, त्यामुळे घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी घोळला कुलूप होतं. ते सेशन समोर आणायला गेलं की आता तो प्रोग्राम एक शब्द विचारायचा, आणि तो शब्द रूटलाही माफ नव्हता. मी करून पाहिलं नव्हतं. तू स्वतः येऊन सांगितलंस. "ताई, घोलला पासवर्ड टाकलाय. तुमी रागवू नका." मी म्हटलं, मी कशाला रागवू. रागावले होते. आपल्याच मशीनमध्ये आपल्यालाच दार बंद, याचा मला चार दिवस राग होता. कुणामुळे बंद, ते मी सोयीने विसरले.

पंधरा-वीस दिवसांनी पलीकडच्या गावच्या दोन बोटी त्या खडकावर दिसल्या, असं तू एकदा बोलता बोलता म्हणालास. दिनेशचं नाव घेतलं नाहीस. माझंही नाही. योगायोग असेल, समुद्र काही कुणी विकत घेतलेला नाही. पण त्या दिवशी तू जेवताना डबा माझ्यापुढे सरकवला नाहीस.

शिमग्यानंतर तुझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तू पंधरा दिवसांनी कामावर आलास ते एकच वाक्य घेऊन: "बरं झालं ताई, लिवून घेतलं." उरलेला हंगाम बाबांच्या धावपळीत गेला; नारळी पौर्णिमेनंतर बोटी पाण्यात जातील तेव्हा पहिल्याच फेरीला तू रजा घेऊन नरेशबरोबर जाणार होतास. मी आधीच रजा मंजूर केली होती. तेवढी अक्कल मला तोवर आली होती.

आषाढात तुझे डोळे पिवळे झाले. मी डॉक्टरकडे जा म्हणून कानीकपाळी ओरडत होते. तू वाणगावकडे कुणी मुळी बांधतं तिकडे जाऊन आलास आणि मनगट दाखवून हसलास. बुधवारी दुपारी मात्र तुला बसवेना. उठून एकेक सेशन सोडलंस. कंट्रोल-ए, डी. कंट्रोल-ए, डी. पाच वेळा. "दोन दिस पडून ऱ्हातो ताई. सोमवारी येतो." म्हणून तू काहीच बंद केलं नाहीस. परत येणारा माणूस कशाला बंद करेल? सोमवारी पालघरच्या दवाखान्यातून तुला मुंबईला नेलं हे कळलं, आणि बुधवारी सकाळी नरेशचा फोन आला. साहेबांच्या केबिनमध्ये फोन घ्यायला मी उभी होते. त्याने काय सांगितलं ते मला कळलं होतं, तरी मी तीनदा "काय?" असं विचारलं.

त्याच दुपारी मी तुझी यादी काढली. बोंबील, मांदेली, सुरमई, शिंगाडा, घोळ. पाचही चालू, पाचही डिटॅच्ड. तुला ताप होता, ग्लानी होती, मुंबईच्या वाटेवर तू गेलास, आणि इथे बोंबील दर तासाला स्टोअरचा अहवाल काढत होता. मला तो प्रोग्राम त्या क्षणी अतिशय निर्दय वाटला.

एकेक उघडलं. मांदेलीमध्ये लॅबचं काम अर्धं होतं आणि खाली ओळ होती, 'इथे गोंधळ आहे, ताईंना विचारणे'. सुरमईत त्या स्क्रीन प्रोग्रामचीच माहिती वाचत होतास. शिंगाड्यात रजेचा अर्ज होता, दोन ओळींचा, खाली सही करायला जागा सोडलेली. ही चार मी जतन केली, छापली आणि नीट बंद केली. घोळने शब्द विचारला. मी तुझं नाव टाकलं. चूक.

आणि मशीन अकराव्या दिवशी जायचं होतं. तुला माहीत होतंच, नवीन कॉम्प्युटर आले होते, जुनं मशीन भंगारवाल्याला नाही पण त्याच्या भावालाच म्हणावं अशा माणसाला विकलं होतं. तू म्हणायचास, जायच्या आधी घोळ आपण नव्यावर हलवू. मी साहेबांकडे गेले, आणखी पंधरा दिवस द्या म्हटलं.

"कंपनीचं काही अडलंय का त्यात?"

हो म्हणावं तर तेच काढून द्या म्हणाले असते. खरं सांगावं तर कुणाच्या घरच्या मासेमारीसाठी मशीन कोण ठेवणार? मी म्हटलं, मोरेश्वरचं थोडं काम राहिलंय. साहेब वाईट माणूस नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "बाई, तो गेला. त्याचं काम आता कोण पुरं करणार?" गिऱ्हाइकाच्या माणसाला मी फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, शनिवार को टेम्पो आएगा, बोल दिया है. एक दिन भी आगे-पीछे नहीं होगा."

पाचव्या दिवशी मुरब्याला गेले. सुतकाच्या घरात जाऊन मेलेल्या माणसाचा पासवर्ड विचारायचा, याहून निलाजरं काम मी आयुष्यात केलं नाही. बोटी वर ओढून शाकारलेल्या, अंगणात ताडपत्रीखाली जाळी. तुझी हेमा भिंतीला टेकून बसली होती. मी तिला शेजारी बसून हळू आवाजात विचारलं, त्याने कधी एखादा शब्द, नाव, काही सांगितलं होतं का गं?

"मला कशाला सांगतील ताई? मी सून हाय." मग जरा थांबून म्हणाली, "पोरीचं नाव टाकून बगा. बोटीचं टाकून बगा. माज्या म्हायेरचं नाव टाकून बगा, मला चिडवायचे त्यावरनं." ती आठवून आठवून शब्द सांगत होती आणि मी लिहून घेत होते. लाडाची नावं, भांडणातली नावं. तुमच्या संसारातल्या अशा सतरा शब्दांची यादी माझ्या पर्समध्ये अजून आहे. ती मला ठेवण्याचा अधिकार नाही आणि फाडवतही नाही.

नरेशने मला आतल्या खोलीत बाबांकडे नेलं. त्यांना तू गेल्याचं कळलंय की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. नरेश त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, आशेरीच्या उजव्या अंगाला हाय का खडक?" त्यांनी मान हलवली. "का डाव्या?" पुन्हा मान हलवली. नरेश माझ्याकडे वळला. "बगा. सगल्यालाच हो म्हंतात." बाबांचा डावा हात मात्र सारखा उठत होता, दाराकडे, आणि घशातून एकच आवाज. मोरेश्वर, ते सांगत होते. आम्हा दोघांना काही कळत नव्हतं आणि ते सांगत होते. शेवटी हेमा आली, तिने त्यांचं तोंड पुसलं, हात खाली ठेवला.

मग मला राहवलं नाही. मी नरेशला म्हटलं, मला एक पाठ आहे, आणि ती ओळ सांगितली. धुराडं, कळस, दोन माड. त्याने ऐकून घेतलं.

"ती काय कामाची ताई? ती तर आता त्या गावालाबी ठाव हाय. कशी गेली कोन जाने. दादा सांगायचा नाय." मग म्हणाला, "तुमी उगडा ते, कायबी करून. तुमीच मोठ्या हात ना तिथल्या?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ती कशी गेली ते, आणि कुलूप कुणासाठी लागलं ते. नरेश समोर उभा होता, बाबा ऐकत होते, हेमाने चहा आणून हातात दिला होता. मी चहा प्यायले. "प्रयत्न करते" म्हटलं आणि एसटी पकडली.

प्रयत्न केले. सतरा शब्द, उलटे-सुलटे, पुढे-मागे आकडे लावून. माशांची नावं, तिथ्या, तुझा कर्मचारी क्रमांक. एकदा माझं नाव टाकलं. का टाकलं, विचारू नकोस. दिनेश तीन दिवस माझ्या शेजारी बसला होता, न सांगता. शुक्रवारी तो म्हणाला, "ताई, मी घरी बोललो नव्हतो. आईशप्पत." मी म्हटलं, माहीत आहे. मला माहीत नव्हतं. पण त्याला विचारण्याचा अधिकार मी ज्या दिवशी तोंड उघडलं त्या दिवशीच घालवला होता. तुझ्या त्या पिंजलेल्या फाइलची फ्लॉपी करून घेतली आहे. मुंबईच्या तुझ्या मित्राला दाखवली, तो म्हणाला, मोरेश्वरने हे फार चांगलं केलंय, म्हणून काही होणार नाही.

मी तुला मशीनचं सगळं शिकवलं असं कंपनीत समजतात. तू मला एक गोष्ट शिकवलीस, सोडून जायचं आणि पुन्हा येऊन धरायचं. त्याचं तू वापरलेलं प्रत्येक बटण मला येतं. सोडून गेलेला माणूस आलाच नाही तर काय करायचं, त्याचं बटण त्या माहितीत मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं.

शनिवारी दीड वाजता टेम्पो आला. दोन हमाल दाराशी बसून तंबाखू मळत होते. मशीन बंद करण्याआधी कोण कोण काम करतंय ते बघायची पद्धत, म्हणून बघितलं. यादीत दोनच नावं. एक रूट, म्हणजे मी. दुसरं तुझं.

बंद करण्याची आज्ञा दिली की मशीन विचारतं, किती वेळाने. नेहमी आपण एक मिनिट द्यायचो. मी पंधरा दिली. साहेब घड्याळ बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग मशीन आपल्या पद्धतीने, जे जे आत आहेत त्या प्रत्येकाच्या पडद्यावर सूचना पाठवतं, आणि दर काही मिनिटांनी पुन्हा पाठवतं. ती माझ्या पडद्यावर आली. घोळच्या पडद्यावरही आली असणार, त्या खुणांच्या ओळींवर, जिथे मला जाता येत नव्हतं. माझ्याच नावाने आली असणार. रूटकडून, मोरेश्वरला: मशीन बंद होत आहे, आपलं काम जतन करा आणि बाहेर पडा.

पंधरा मिनिटं मी वाट पाहिली.